परळच्या अलीकडे

मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका, पाचपाखाडी, ठाणे.



हे पत्र कर्करोग रुग्णालय मागण्यासाठी नाही. बाळकुमला २०२३ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं, टाटा मेमोरियलचं नाव त्याला जोडलेलं आहे, आणि ते उभं राहील तेव्हा ठाणेकरांचं भलंच होईल. मला मागायचं आहे ते फारच किरकोळ आहे, आणि किरकोळ गोष्टीची कोनशिला बसवता येत नाही, म्हणून ती मिळणं जास्त अवघड. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एक टेबल हवं. त्या टेबलाशी कर्करोगाचं प्रशिक्षण घेतलेली एक नर्स, सोबत एक समाजसेवक, आणि रुग्णाच्या घरच्यांनी फोन केला तर उचलला जाईल असा एक नंबर. आपलं मुख्यालय आणि आमचं खोपट यांत चालत जाण्याइतकंच अंतर आहे, तेव्हा हे मी समोर येऊनही सांगू शकलो असतो. पण भेटीच्या पाच मिनिटांत लहान आतडं समजावून सांगणं होत नाही.

कर्करोगाच्या ज्या फायली आपल्यासमोर येत असतील त्या तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या. त्यांत लहान आतडं नसणार. माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब, म्हणजे सगळ्या पचनमार्गाची जवळपास तीन चतुर्थांश लांबी त्याचीच. तरीही पचनमार्गाच्या शंभर कर्करोगांत त्याचे पाचही नसतात. अन्न तिथून पातळ होऊन भरभर पुढे सरकतं, जंतू मोठ्या आतड्याच्या मानाने कमी, आतल्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलतात, अशी कारणं डॉक्टर सांगतात. हे सगळं ज्याला आजार होत नाही त्याच्या फायद्याचं. ज्याला होतो त्याच्या मात्र हेच मुळावर येतं. आजार दुर्मीळ म्हणून कोणाच्या चटकन डोक्यात येत नाही, आणि आला तरी तिथवर पोचता येत नाही. तोंडातून टाकलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागापर्यंत जाते. खालून टाकलेली मोठं आतडं संपवून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत डोकावते. मधला सगळा पल्ला अंधारात राहतो.

माझा थोरला भाऊ वागळे इस्टेटमध्ये टर्नर. त्याचं दुखणं याच अंधारातलं होतं. जेवण झाल्यावर तासाभरात बेंबीभोवती कळ यायची, पोटात शेजारच्याला ऐकू जाईल अशी गुडगुड व्हायची, मग एखादी उलटी. नंतर आठवडाभर काहीच नाही, त्यामुळे कामावर जाणं चालूच. हिमोग्लोबिन आठाच्या खाली उतरलं. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या, लोहाच्या झाल्या. वरची दुर्बीण नॉर्मल आली, खालचीही नॉर्मल आली. दोन ‘नॉर्मल’ हातात पडल्यावर घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं, दादाचं दुखणं तेवढं राहिलं. मग पोटाचा टीबी असावा असं ठरून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू झाल्या. त्या चालू असतानाच एका रात्री आतडं पूर्ण अडकलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तातडीचं ऑपरेशन झालं आणि बायोप्सीच्या कागदावर पहिल्यांदा खरं नाव आलं: लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला ॲडेनोकार्सिनोमा.

रुग्णालयांची आणि डॉक्टरांची नावं मी मुद्दाम घेत नाही. हे पत्र कोणाची तक्रार करायला लिहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर टीबीच्या संशयाबद्दल कोणाला बोल लावणंही बरोबर नाही. पोटाचा टीबी आपल्याकडे खरोखरच खूप आहे. घटणारं वजन, बारीक ताप, थांबून थांबून अडकणारं आतडं, स्कॅनमध्ये जाड झालेली आतड्याची भिंत: टीबी, क्रोनचा आजार, लिम्फोमा आणि कधी कधी कर्करोगही यात एकमेकांसारखे दिसतात. गोळ्या सुरू करण्यात गैर काहीच नव्हतं. ठरावीक मुदतीत फरक पडला नाही तर हाच माणूस पुन्हा बोलवायचा आणि पुढची तपासणी करायची, हे मात्र कोणाच्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. दर वेळी नवा केस पेपर, नवा डॉक्टर, आणि तीच गोष्ट पहिल्यापासून सांगणारा, दिवसेंदिवस वाळत चाललेला माणूस.

मधला अंधार भेदणाऱ्या तपासण्या आता आहेत. सीटी एंटेरोग्राफी आणि एमआर एंटेरोग्राफी आहे. २००१ पासून कॅमेऱ्याची कॅप्सूल आहे: गोळीसारखी गिळायची, ती आतून फोटो काढत जाते. (आतडं कुठे अरुंद झालं असेल तर तिथेच अडकण्याची भीती असते, म्हणून ती हौसेने गिळायची गोष्ट नव्हे.) जपानी डॉक्टर हिरोनोरी यामामोतो यांनी विकसित केलेली दोन फुग्यांची दुर्बीण आहे, ती आतडं स्वतःवर चुण्या घालत खोलवर जाते आणि तुकडाही काढून आणते. हे सगळं मुंबईत होतं. प्रश्न यंत्रांचा कमी आणि तिथवर माणूस पाठवण्याचा जास्त आहे. पाठवायचं कोणी? आपल्या आरोग्य केंद्रातल्या किंवा ‘आपला दवाखाना’तल्या डॉक्टरांनी. त्यांना एक जुना वैद्यकीय नियम लेखी परिपत्रकाने आठवून द्या: प्रौढ पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त लोहाच्या कमतरतेमुळे उतरलं असेल, तर गोळ्या द्याच, पण ते रक्त जातं कुठे याचा शोध पचनमार्गात घ्या. दोन्ही दुर्बिणी नॉर्मल आल्या आणि रक्त तरीही उतरतच राहिलं, तर शोध संपलेला नाही. बायकांच्या बाबतीत तर ‘अशक्तपणा आहे, खात-पीत जा’ यावर गाडी फार सहज थांबते. लोहाच्या गोळ्यांनी आकडा थोडा वर येतो आणि सगळेच निर्धास्त होतात.

इथे एक विनंती. कृपा करून शिबिर घेऊ नका. लहान आतड्याच्या कर्करोगासाठी धडधाकट माणसांची सरसकट चाळणी करायची अशी कुठलीही तपासणी नाही, त्यामुळे मंडप, फ्लेक्स आणि रक्तदाब मोजून परत पाठवणं यातून या रुग्णाच्या हाती काही पडत नाही. एक महत्त्वाचा अपवाद आहे. काही घराण्यांत लिंच सिंड्रोम नावाचा जनुकीय दोष पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आई किंवा वडील यांच्यात तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. अशा घरांत मोठ्या आतड्याचे, गर्भाशयाचे आणि लहान आतड्याचेही कर्करोग तरुण वयात दिसतात. ‘घरात आणखी कोणाला कर्करोग झाला होता का, आणि कितव्या वर्षी?’ एवढा प्रश्न केस पेपरवर छापायला महापालिकेला फारसा खर्च नाही. दादाच्या केस पेपरांवर तो कुठेच नव्हता, परळच्या टाटा मेमोरियलला गेल्यावर मात्र पहिल्याच दिवशी विचारला गेला.

उपचारांबद्दल लोकांची समजूत अशी, की कर्करोग म्हणजे केमो आणि केमो म्हणजे संपलं. लहान आतड्यात तर चार वेगवेगळे आजार एकाच नावाखाली राहतात. ॲडेनोकार्सिनोमा हा बहुधा ग्रहणीत होतो, दादासारखा कधी खालीही. त्यात गाठ आणि तिच्या आसपासच्या रसग्रंथी कापून काढणं हा मुख्य उपचार. ग्रहणीत असेल तर स्वादुपिंडाच्या डोक्यासकट काढावी लागते, त्याला व्हिपल म्हणतात. हे ऑपरेशन रोज करणाऱ्या हातांकडूनच करून घ्यावं, हे टाटाच्या डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्यासारख्या सर्जननी वर्षानुवर्षं मांडलं आहे. लिम्फोमा असेल तर केमोवरच भर. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हे नाव २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी स्वतःचा आजार जाहीर केला तेव्हा घराघरांत पोचलं. लहान आतड्यात हा बहुधा शेवटच्या भागात होतो, वर्षानुवर्षं सावकाश वाढतो आणि महिन्याच्या इंजेक्शनवर अनेकदा आटोक्यात राहतो. पसरलेला असेल तर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, ते गाठीच्या पेशींना शोधून चिकटतं. हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळला, टाटाच्या ॲनेक्समधल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना दिलं जातं. खाडीकाठच्या अणुभट्टीतून खोपटच्या माणसाचं औषध येऊ शकतं, हे दवाखान्यातल्या किती जणांना माहीत असेल?

चौथा प्रकार जिस्ट. त्याची हकिकत थोडी सविस्तर सांगतो, कारण रुग्णाच्या बाजूने कोणी उभं राहिलं की काय होतं ते तिच्यात आहे. जठरानंतर ही गाठ सर्वांत जास्त लहान आतड्यात होते. जुन्या केमोला ती दाद देत नसे. इमॅटिनिब नावाची गोळी आली आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जाऊ लागली. नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिवेक’चा महिन्याचा खर्च तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. कंपनीने त्या औषधाच्या एका रूपासाठी भारतात पेटंट मागितलं. ते दिलं जाऊ नये म्हणून भारतीय औषध कंपन्या उभ्या राहिल्या, ते त्यांच्या धंद्याचं होतं. पण त्यांच्याबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही उभी राहिली. १९६९ पासून गरीब रुग्णांना औषधं आणि शिधा पुरवणारी ही संस्था, आणि तिने थेट पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. प्रकरण वर चढत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचं अपील फेटाळलं. जुन्याच औषधात रुग्णाला जास्त गुण देणारी सुधारणा नसेल तर नवं पेटंट नाही, हे पेटंट कायद्याचं कलम ३(ड) तिथे टिकलं. ही गोळी अनेकांना वर्षानुवर्षं रोज घ्यावी लागते. ती आज मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आहे त्यामागे काही वाटा एका मुंबईच्या संस्थेच्या चिवटपणाचा आहे.

आता परळ. टाटाबद्दल माझी तक्रार नाही, देशभरातून तिथे माणसं येतात आणि गर्दीत उभं राहूनही माणसाला तिथे आपला आजार कळलेला डॉक्टर भेटतो. माझं म्हणणं परळला न जाताही जे होऊ शकतं त्याबद्दल आहे. दादाच्या केमोचं उदाहरण घ्या. एक औषध दोन तास शिरेतून, आणि दुसरं एका छोट्या पंपातून ४६ तास. हा पंप म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटलीतला फुगा, छातीच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेला. रुग्ण तो कमरेच्या पिशवीत घालून घरी येतो, जेवतो, झोपतो. ४६ तास झाले की फुगा बसतो आणि सुई काढायला पुन्हा जायचं. सुई काढणं, पोर्ट धुणं, पट्टी लावणं, सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. त्या पंधरा मिनिटांसाठी खोपटहून रिक्षाने स्टेशन, परळला थांबणारी स्लो लोकल, पुलाचे जिने, रांग, आणि तसंच परत. बरोबर एक धडधाकट माणूस हवाच, म्हणजे त्याचीही रजा. दर पंधरवड्याला हे. या केमोचं थंडीशी वाकडं असतं, दादाच्या बोटांना लोकलचा लोखंडी दांडा धरला की मुंग्या यायच्या, म्हणून तो उन्हाळ्यातही हातमोजे घालून उभा असायचा आणि लोक बघायचे.

कळव्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या दोन नर्सना पोर्टची सुई काढायचं प्रशिक्षण देता येणार नाही का? केमोआधीचं रक्त तपासून अहवाल परळला पाठवणं, न्यूरोएंडोक्राइनच्या रुग्णाचं महिन्याचं इंजेक्शन, आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्या माणसाला जन्मभर लागणारं बी-१२, हे सगळं ठाण्यात झालं पाहिजे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं करण्याची घोषणा झाली. जिल्हा रुग्णालय आपल्या अखत्यारीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कळवा आहे.

दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णाला प्रवासाची मुभा असते. ती वापरताना ‘तुम्हाला काय झालंय?’ हा प्रश्न ठरलेला. कुबडी नाही, पांढरी काठी नाही, शर्टाच्या आत काय आहे ते दिसत नाही. दादाला तातडीच्या ऑपरेशननंतर काही महिने आयलिऑस्टोमी होती, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. आयलिऑस्टोमीतून पातळच येतं आणि वेळ-काळ न बघता येतं. पिशवी दिवसातून अनेकदा रिकामी करावी लागते, क्वचित चिकटपट्टी सुटते आणि भर रस्त्यात कपडे भिजतात. एकदा असंच झालं आणि आम्ही एका सार्वजनिक शौचालयात शिरलो. आत नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्याला पाणी नाही. कडी तुटलेली, म्हणून दार मी बाहेरून धरून उभा. स्वच्छ पिशवी, कात्री, ओला रुमाल ठेवायला कुठेही हातभर जागा नाही, खुंटी नाही. दादाने शर्टाचं टोक दातांत धरलं, नवी पिशवी काखेत दाबली आणि एका हाताने सगळं उरकलं. वापरलेली पिशवी टाकायला डबा नव्हता, ती वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही घरी आणली. बाहेर बसलेल्या माणसाने वेळ लागला म्हणून जास्तीचे पैसे मागितले. त्याचंही काय चुकलं, त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही.

खोपटचं बसस्थानक एसटी महामंडळाचं आहे, त्यांना वेगळं लिहीन. शहरातली बाकीची शौचालयं मात्र आपली. प्रत्येक वस्तीत नको, स्टेशन, मुख्य बाजार आणि रुग्णालयांच्या आसपासची निवडा. तिथे एका खोलीत कमरेच्या उंचीवर फळी, एक खुंटी, हँडशॉवर, झाकणाचा डबा आणि लागणारी कडी, एवढंच. मोठ्या आतड्याचं, मूत्राशयाचं ऑपरेशन झालेलेही तीच खोली वापरतील, मधुमेही म्हातारे वापरतील, बायका वापरतील. पिशवी कशी बसवायची, भोवतीची कातडी सोलवटली तर काय लावायचं, हे शिकवायला मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. ठाण्याच्या रुग्णाला तिचं नाव कोणी सांगायचं हाच प्रश्न.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी १०-१० टक्के खाटा राखीव आहेत, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. कागदावर बरंच काही आहे. पण योजना दाखल झालेल्या आणि निदान झालेल्या रुग्णासाठी चालते. निदान हातात येईपर्यंतचे स्कॅन आणि दुर्बिणी घरच्यांच्या खिशातूनच होतात, आणि या आजारात तोच काळ सर्वांत लांबतो. शिवाय कुठला अर्ज कुठल्या टप्प्यावर करायचा, हे कळेपर्यंत बायकोच्या बांगड्या गेलेल्या असतात. आम्हाला यातलं बरंचसं टाटाच्या व्हरांड्यात, शेजारच्या बाकावर बसलेल्या जळगावच्या एका काकूंनी सांगितलं. त्या माउलीला दंडवत. पण ठाण्यासारख्या श्रीमंत महापालिकेचं काम जळगावच्या काकूंनी करावं हे काही शोभत नाही.

म्हणून ते टेबल. तिथे एक रजिस्टर ठेवायचं, त्यात संशयित रुग्णाचं नाव, पुढची तपासणी कोणती आणि कोणत्या तारखेपर्यंत. तारीख उलटली तर नर्सने स्वतः फोन करायचा. रिपोर्ट घेऊन परळला कोणत्या विभागात जायचं हे समाजसेवकाने लिहून द्यायचं आणि योजनेचे कागद त्याच वेळी सुरू करायचे. ऑपरेशन करून परत आलेल्या माणसाला काय खायचं हेही तिथेच कळावं. आयलिऑस्टोमीच्या रुग्णाला ‘भरपूर पाणी प्या’ एवढंच सांगून घरी पाठवतात आणि नुसतं पाणी पिऊन क्षार आणखी वाहून जातात, हे घरच्यांना माहीत नसतं. जलसंजीवनी (ओआरएस), मीठ घातलेली भाताची पेज, मऊ मेतकूट-भात, आणि सुरुवातीला कच्च्या कोशिंबिरी, मक्याचे दाणे, सुकं खोबरं बंद. इतकं साधं.

लहान आतड्याचे रुग्ण वर्षाकाठी थोडेच येतील, मग टेबलाचा खर्च कशाला, असा शेरा फायलीवर पडेल याची मला कल्पना आहे. पण असे थोडे-थोडे रुग्ण असलेले दुर्मीळ कर्करोग डझनांनी आहेत: पित्तनळीचा, हाडाचा, थायमसचा. आणि पंपाची सुई काढायला येणाऱ्यांत मोठ्या आतड्याचे रुग्ण तर कितीतरी असतील. नर्स तीच, रजिस्टर तेच.

दादाची पिशवी गेली, आतडं जोडलं. तो अर्धवेळ कामावर जातो आणि ठरलेल्या महिन्यांनी सीटी होतो. त्याची जाडजूड फाईल, वर्गवारी करून, आमच्याकडे तयार आहे. कळव्याच्या अधिष्ठात्यांसोबत आपण बैठक लावलीत तर ती घेऊन आम्ही दोघेही येऊ. या पत्राची सही केलेली प्रत मुख्यालयाच्या आवक-जावक कक्षात देत आहे, उत्तरासाठी पत्ता आणि फोन तिच्यावर लिहिला आहे. दुपारी तीननंतरची वेळ दिलीत तर बरं, सकाळी दादाची पाळी असते.

आपला,
खोपटचा एक रहिवासी